पाडव्याला मी घरी नसेन

पुणे, ८ मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

होळीला जेवायला आले तेव्हाच हे सांगायचे होते. पण बाबा पाडव्याला कोणाकोणाला बोलवायचे ते ठरवत होते आणि आई माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढत होती, म्हणून धीर झाला नाही. येत्या शनिवारी, १४ तारखेला, आम्ही चौघे मोटारीने ऋषिकेशला निघत आहोत. तिथे गंगेच्या खळाळत्या पाण्यात कयाकिंग करून, म्हणजे एकट्याने वल्हवायची लहान बोट चालवून, २८ तारखेपर्यंत परत येऊ. रजा मंजूर झाली आहे आणि पैसेही भरले आहेत. १९ तारखेला पाडव्याच्या पानावर मी नसेन, हे लिहिताना वाईट वाटते.

सण झाल्यावर का जात नाही, असे आई विचारेल. चौघांच्या रजा याच दिवसांत जुळल्या, आणि उन्हाळा चढला की वरचे बर्फ वितळून पाणी वाढते व गढूळ होते. मार्चमध्ये ते बेताचे आणि हिरवे, नितळ असते.

बाबा, पाणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर उभा राहतो, हे मला कळत्या वयापासून ठाऊक आहे. वाड्याच्या भिंतीवरची ती खूण तुम्हीच मला दाखवली होती. तरीही मला टिळक तलावावर पोहायला घातलेत तेही तुम्हीच. मी पाण्यात असेपर्यंत तुम्ही पंचा हातात धरून काठावर उभे असायचात, एकदाही बसला नाहीत, आणि मी बाहेर आले की आधी माझे कान पुसायचात. म्हणून तुमच्यापासून काही लपवत नाही. ऋषिकेशच्या वर, भागीरथीवर, टिहरीचे धरण आहे आणि विजेसाठी तिथून पाणी सोडले की खालची पातळी दिवसभरातही बदलते. त्यामुळे तिथला माहीतगार सांगेल त्याच वेळी आम्ही नदीत उतरू.

ही बोट अरुंद असल्यामुळे उलटते, आणि उलटली की आपण डोके खाली होऊन पाण्यात असतो. बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती जो पडदा लावतात, त्याला पुढे एक पट्टी असते; ती ओढली की पडदा सुटतो आणि आपण बाहेर येतो. हे मी पोहण्याच्या तलावात इतक्या वेळा केले आहे की हात आपोआप त्या पट्टीवर जातो. दोन वर्षे कोलाडला कुंडलिकेतही, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात, सराव केला. तेव्हा ऑफिसची सहल म्हणून तुम्हाला सांगितले होते, त्याबद्दल क्षमा मागते. अंगावर लाइफ जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट कायम असेल. बोट सुटलीच तर वेगाच्या पाण्यात उभे राहायचे नाही, कारण पाय दगडात अडकतो. पाय प्रवाहाच्या दिशेला करून पाठीवर तरंगायचे, हे मला पाठ आहे. ‘द वॉल’ नावाचा रॅपिड, म्हणजे वेगाच्या खळाळत्या पाण्याचा टप्पा, फार अवघड आहे, तिथे मी बोट उचलून काठाने चालत जाणार आहे.

रात्री मोटार चालवायची नाही, असे चौघांनी ठरवले आहे. पहिला मुक्काम इंदूरला. थंड पाण्यासाठीचा जाड पोशाख घेतला आहे, लोकरीचे मोजे घेतले आहेत, आणि आई, तुझे मेतकूट व दाण्याची चटणी बरोबर असल्यावर माझे जेवणाचे हाल होणार नाहीत.

आता माझे ऐका. गुढीसाठी बाबांनी स्टुलावर चढायचे नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांना मी सांगून ठेवले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मी शुक्रवारी दिवसवार डबीत भरून ठेवीन. बरे वाटते म्हणून एकही चुकवायची नाही. आई, मंडईतून जड पिशव्या उचलून आणू नकोस, आणि गुडघा दुखला तर मला सांग, माझी सहल बिघडेल म्हणून दडवू नकोस. नदीच्या खोऱ्यात फोन सगळीकडे लागत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मीच करीन. थोडा उशीर झाला तर घाबरू नका.

शुक्रवारी रात्री मी तिकडेच झोपायला येते. रागवायचे असेल तर तेव्हा रागवा, मी ऐकून घेईन. आणि आई, तो निळ्या काठाचा पंचा अजून कपाटात असेल तर काढून ठेव, मला बरोबर न्यायचा आहे.

तुमची,
मनू