बाबा, पिस्तूल विकायचं नाही

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा फोनवर येत नाहीयेत म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस आणि "जाऊ दे ना गं" म्हणत मोबाईल फ्रिजवर ठेवून देऊ नकोस. त्यांना स्वतःला वाचायचं असेल तर तो जवळचा रेडिमेड चष्मा लावून वाचू दे, वाचल्याने डोळ्याला काही होत नाही, डॉक्टरांना मी विचारलंय.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. क्लबमधल्या त्या मुलाला मी काल फोन केला आणि पिस्तूल विकायचं नाहीये असं सांगितलं. बिचारा गोंधळला, "दीदी, अंकल तो खुद बोले थे" म्हणाला, मी म्हटलं अंकल सध्या रुसलेत, त्यांचं मनावर घेऊ नकोस. शूटिंगच्या चष्म्याची फ्रेम पण ऑर्डर करून टाकलीये, पैसे भरून झालेत, तेव्हा कितीला पडली हे विचारू नका आणि परत पाठव असंही म्हणू नका. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी पूर्ण ऐका.

आई म्हणाली की तुम्ही म्हणालात, "हिने दूरची लेन्स टाकायला लावली आणि माझी फोरसाईट गेली," म्हणजे पिस्तुलाच्या नळीवरचं पुढचं टोक आता साफ दिसत नाही. बाबा, खरं सांगू का, ते ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कोणती लेन्स घालायची असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही "ही बघेल" म्हणून मोकळे झालात आणि मी बघितलं. जे सांगितलं ते विचार करून सांगितलं, आजही विचारलं तर तेच सांगेन. का ते लिहिते.

आपल्या जन्माच्या भिंगाला जाड-पातळ होता येतं, म्हणून लहानपणी जवळचं-दूरचं सगळं दिसतं. चाळिशीनंतर ते आखडत जातं हे तुम्हाला माहितीच आहे, तुमचा पहिला वाचायचा चष्मा मला आठवतो, जाड काळी फ्रेम, आणि आई तुम्हाला मास्तर म्हणायची. आता जी नवीन लेन्स बसली ती हलतच नाही. ती एकाच अंतरावर अगदी साफ दाखवणार आणि ते अंतर कोणतं हे ऑपरेशनच्या आधी ठरवावं लागतं, त्यासाठीच तर त्या मशीनवर हनुवटी टेकवून डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजला होता. आपण दूरचं अंतर ठरवलं. त्यामुळे तुम्हाला टार्गेट झकास दिसतं, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी दिसते, आणि आईची ती साडी तपकिरी नसून जांभळी आहे हे पण दिसलं (आई अजून हसतेय त्यावर, कधीपासूनची साडी ती!). पण हात लांब केला की फोरसाईट डोळ्यापासून मीटरभराच्या आतच येते, म्हणून ती पसरट दिसते. डोळा बिघडलेला नाहीये बाबा, तो फक्त दूर बघायला लावलाय.

आता तुम्ही म्हणाल की ऑपरेशनच्या आधी तर मला बिनचष्म्याची फोरसाईट काट्यासारखी दिसायची. दिसायची, मान्य. या वयात दिसते म्हणून तुम्ही मामाला पण ऐकवायचात. पण बाबा, आता वाईट वाटून घेऊ नका, ती मोतीबिंदूचीच मेहेरबानी होती. मोतीबिंदू मधोमध पिकायला लागला की भिंगाची पॉवर वाढते आणि डोळा हळूहळू जवळच्या बाजूला सरकतो, म्हणून पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा चष्मा मधेच सुटतो आणि ती खूश होतात. तुमचा डोळा सरकत सरकत नेमका हातभर अंतरावर येऊन थांबला होता, म्हणून फोरसाईट साफ आणि टार्गेट म्हणजे धुक्यातला काळा डाग. तुम्हाला तेवढंच पुरायचं, पण संध्याकाळी ॲक्टिव्हावर समोरचा माणूस दिसायचा नाही हे तुम्ही आम्हाला सांगितलं होतं का? राजवाड्याजवळ त्या ई-रिक्षावाल्याला काय झालं ते मला आईकडून कळलं, तुमच्याकडून नाही.

मग तीच जवळची पॉवर लेन्समध्येच का नाही घातली? घालता येते, काही नेमबाज मुद्दाम घालून घेतात हे पण वाचलं मी. पण ते ज्यांचा दुसरा डोळा दूरचं चांगलं बघतो त्यांचं. तुमच्या डाव्यात अजून मोतीबिंदू तसाच बसलाय. उजवा हातभर अंतराला लावला असता तर दूरचं साफ दाखवणारा एकही डोळा राहिला नसता, आणि तुम्ही काय घरात बसणार होतात? जिना, रस्ता, गाडी, देवळात जाणं, दिवसभर हेच असतं, रेंजवरचा वेळ त्यात केवढा. आणि काच नाही पटली तर दुकानात जाऊन बदलता येते, डोळ्यातली लेन्स बदलायची म्हणजे परत ऑपरेशन, आधीपेक्षा जास्त जोखमीचं. म्हणून "ती काढून दुसरी टाका" हा विषय माझ्याकडून बंद.

मल्टिफोकल, म्हणजे जवळ-दूर दोन्ही दाखवणारी लेन्स, नको म्हटलं त्यात पैशाचा काही संबंध नव्हता, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाका. त्या लेन्समध्ये उजेड जवळ-दूर असा वाटला जातो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला उठाव कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. काळी फोरसाईट, तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक चीर, हेच तर तुम्हाला बघायचंय. तिथे उठाव गेला तर उरलं काय!

आता उपाय, तो अगदी साधा आहे. साफ दूरच्या डोळ्याला मीटरभराच्या आतलं बघायला साधारण एकच्या आसपास प्लस नंबर लागतो. पण पूर्ण एक दिला तर टार्गेट फारच विरघळतं. टार्गेट असतं दहा मीटरवर, तिथे जवळजवळ शून्य लागतो, मग दोघांच्या मधोमध म्हणजे अर्धा नंबर, तिथून सुरुवात करायची आणि पाव-पाव वाढवत बघायचं की फोरसाईटची कड कधी धारदार होते आणि काळा गोल तरी गोल राहतो. फ्रेमवर पुढे एक आयरिस बसते, कॅमेऱ्यासारखं लहान-मोठं होणारं भोक. ते बारीक केलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही आणखी सावरतं, फार बारीक केलं की अंधारतं, म्हणून रेंजच्या उजेडातच ते सेट करायचं. पिस्तुलावर काच लावलेली नियमात बसत नाही, डोळ्यावर चालते, हे तुम्हीच त्या पोरांना शिकवता. आणि साध्या चष्म्यातून का नाही जमणार, तर तुम्ही उभे राहता आडवे आणि मान वळवून बघता, म्हणजे काचेच्या कोपऱ्यातून. या फ्रेममध्ये काच फिरवून बरोबर नजरेसमोर आणता येते.

तुम्ही म्हणाल टार्गेट थोडं धूसर झालं तर? बाबा, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच झाली. टार्गेटवर हात सेंटीमीटरभर डोलला तर छर्रा सेंटीमीटरभरच चुकतो, पण फोरसाईट आणि बॅकसाईट, म्हणजे मागची खाच, यांच्यात एक मिलिमीटरचा फरक पडला की दहा मीटरवर जवळजवळ तीन सेंटीमीटर जातात, आणि टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटरचं. हे तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे आणि पोळपाट मांडून समजावलं होतं. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीतल्या झांक्या, ते सजवलेले देखावे, बघायला जायचो तेव्हा फुगे फोडायच्या गाडीवर मला स्टुलावर उभं करून, कोपराखाली हात धरून कानात म्हणायचात, "फुगा बघू नकोस छकु, टोक बघ, फुगा कुठे पळून जात नाही." तुमच्या दाढीला त्या हिरव्या साबणाचा वास यायचा. मी दर वेळी फुगाच बघायचे आणि दर वेळी चुकायचे, तरी तुम्ही पुढचे छर्रे घ्यायचात आणि आई म्हणायची पुरे आता, जिलेबीचे पैसे संपतील.

इतकी वर्षं बीएसएफच्या रेवती रेंजवर जवानांना तेच शिकवलंत, त्यांच्या शस्त्र-प्रशिक्षण शाळेतून, सीएसडब्ल्यूटीमधून, रिटायर झालात तरी घरात अजून कमांड चालूच आहेत, आणि आता एका अर्ध्या नंबराच्या काचेपायी सोडून देणार? ओस्कर स्वान म्हणून स्वीडनचे एक आजोबा होते, 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी टीमबरोबर रौप्य घेतलं, वय 72. ते रायफलवाले होते, मान्य, लगेच मुद्दा काढू नका. आणि तुम्हाला दुसऱ्या महायुद्धाचं वेड आहे म्हणून हे पण सांगते, तुमच्या डोळ्यातली लेन्स मुळात लढाऊ विमानांमुळे आली. इंग्रज पायलटांच्या डोळ्यात कॉकपिटच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे घुसायचे आणि डोळा त्यावर फारसा चिडायचा नाही, हे हॅरोल्ड रिडले नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं आणि त्याने 1949 मध्ये लंडनला पहिली लेन्स बसवली. क्लबमध्ये सांगा, तुमची कॉलर ताठ होईल.

बरं आता सूचना, आणि यात चर्चा नाही.

नंबर लगेच काढायचा नाही. डोळा स्थिर व्हायला चार-सहा आठवडे लागतात, आधी काढलेला नंबर पुढे बदलतो आणि काच फुकट जाते. तोवर रेंज बंद, "नुसतं बसून येतो" पण बंद, तुम्ही नुसते बसत नाही हे सगळ्या इंदूरला माहितीये. ड्रॉप्स चार्टप्रमाणेच, मधेच "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायचे नाहीत, ते हळूहळूच कमी करायचे असतात. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, लागोपाठ टाकलं की पहिलं वाहून जातं. आई, बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही आणि आधी हात धुवायचे, तू धुतेसच, पण बाबांनी स्वतः टाकलं तर बघ. डोळा चोळायचा नाही, रात्री ती प्लास्टिकची झाकणी लावूनच झोपायचं, टोचते म्हणाले तरी. केस धुताना डोकं मागे करून, पार्लरसारखं. फोडणीसमोर उभं राहून "काय करतेस" विचारायचं नाही. सिलेंडर उचलायचा नाही, कुंड्या सरकवायच्या नाहीत, त्या पोरांना बोलवा, काका म्हटलं की धावत येतील. दुखायला लागलं, लाल झालं, एकदम कमी दिसलं, विजा चमकल्यासारख्या किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, सकाळपर्यंत वाट बघायची नाही, मला फोन मागाहून करा. आणि आई, या सगळ्या धावपळीत तुझी बीपीची गोळी राहतेय, मला माहितीये, फोनवर "घेतली" म्हणताना तुझा आवाज बदलतो.

एक काम मात्र आत्ता करता येईल. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, मग बाबांनी नेहमीसारखं उभं राहून हात लांब करायचा आणि आईने बाजूला उभं राहून तुझ्या त्या ब्लाऊजच्या टेपने डोळ्याच्या कोपऱ्यापासून फोरसाईटपर्यंत मोजायचं. टेप डोळ्याला लावू नकोस गं, कानशिलाजवळ धर. तीनदा मोज, बाबा पहिल्यांदा मुद्दाम छाती काढून उभे राहतील. जो आकडा येईल तो मला पाठव. चष्म्याच्या दुकानात पिस्तूल न्यायचं नाही, उगाच पळापळ होईल, तेवढ्याच अंतरावर पट्टीला काळी टेप चिकटवून ती बघत नंबर ठरवू.

मला सध्या सुट्टी मिळत नाहीये, चिंटूची परीक्षा आहे आणि सासूबाईंचा गुडघाही आत्ताच दुखायला लागलाय, तुम्हाला सगळं कळतं पण म्हणून मला बरं वाटतं असं नाही. वडोदऱ्याहून अवंतिका एक्सप्रेसने एका रात्रीचा तर रस्ता, तरी होत नाही. नंबर काढायच्या वेळी मात्र मी येणारच, तिकीट काढून झालंय. येताना लीलो चेवडो आणते, तुम्ही तो पण आपल्या शेवेपुढे काही नाही म्हणत संपवाल.

आणि डाव्या डोळ्याचं ठरवायची वेळ येईल तेव्हा "ही बघेल" चालणार नाही बाबा. तुम्ही बोलायचं. डावा थोडा जवळचा ठेवला तर पेपर आणि मोबाईल बिनचष्म्याचा वाचता येईल कदाचित, शूटिंगला तसाही त्याच्यावर पट्टी असते. पण सगळ्यांना दोन डोळ्यांत दोन अंतरं मानवतातच असं नाही, म्हणून आधी चष्म्याने तसं करून बघता येईल का ते डॉक्टरांना स्वतः विचारा.

आता फोन घ्या. आज रात्री नऊला करते, आईला नाही, तुमच्या मोबाईलवर.

तुमची,
छकु

ता. क. आई, बाबांच्या कपाटाची किल्ली तूर्त तुझ्याकडे ठेव. तो मुलगा चांगला आहे पण परत विचारायला आलाच तर चहा पाज आणि पाठवून दे.