आदिला नाल्याला भिंती घालण्याआधी : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
यांस सविनय नमस्कार.

पूर ओसरला की पहिली मागणी होते ती संरक्षक भिंतीची. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आणि सप्टेंबर २०२५ मध्ये माढा-मोहोळची गावे पाण्यात घालणारी सीना पाहिल्यावर तशी मागणी होणे साहजिक आहे. तरीही शहरातल्या आदिला आणि शेळगी नाल्यांना दोन्ही बाजूंनी काँक्रीट घालण्याचा विचार असेल, तर आधी आमचे थोडे ऐकून घ्यावे.

भिंत नाल्याचे पाणी बाहेर येऊ देत नाही, तसेच वस्तीचे पाणी आत जाऊ देत नाही. मग भिंतीला भोके ठेवावी लागतात आणि भोकांना झडपा. झडपेत एखादी चप्पल किंवा दुधाची पिशवी अडकली की ती मिटत नाही आणि नाला चढल्यावर पाणी उलटे गल्लीत येते. शिवाय गुळगुळीत पात्रात वेग वाढतो, म्हणजे वरच्या वस्तीचा पूर खालच्या पुलावर लवकर आणि एकदम येऊन आदळतो.

आदिलाच्या डोक्यावर १८७१ सालचा हिप्परगा (एकरुख) तलाव आहे. तो सप्टेंबरात भरलेला असताना जोराचा पाऊस झाला, तर वरून येणारे बहुतेक पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या बांधावरून, शहराकडे निघते. सांडव्यावर अर्धा मीटर पाणी चढले, तर दर १०० मीटर लांबीतून सेकंदाला सुमारे ६० घनमीटर पाणी पडते. एक मीटर चढले तर सुमारे १७०. उंची दुप्पट झाली की पाणी जवळजवळ तिप्पट होते. म्हणून सांडव्यावरच्या मोजपट्टीचा आकडा पावसात दर अर्ध्या तासाला महापालिकेच्या आपत्ती कक्षात पोचला पाहिजे. याला खर्च जवळजवळ नाही. तलाव रिकामा ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ते कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

गाळ काढल्याने पूर थांबेल, हा समज मात्र सोडावा लागेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा गाळ शेतीला चांगला आणि साठाही वाढतो. पण ती खोली पावसाळ्याच्या पहिल्या पाण्यातच भरते. पुराच्या दिवशी उपयोगी पडते ती पाण्याची त्या दिवशीची पातळी आणि सांडव्याचा माथा यांच्यातली जागा, आणि ती जागा तळ खरवडून मिळत नाही. ती सांडव्याच्या खाली, नाल्याच्या काठाने शोधावी लागते.

त्यासाठी नाल्याचे पात्र दोन टप्प्यांचे करावे. रोजच्या पाण्यासाठी मध्ये दोन-तीन मीटर रुंदीचा चर. त्याच्या तळापासून ६० ते ८० सेंटिमीटर उंचीवर, जागा असेल तिथे दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटरचा सपाट ओटा. वर्षातले बरेचसे दिवस तो कोरडा राहील आणि लोक तिथे फिरतील. पुराच्या दिवशी तो नाल्याचा. काठाचा उतार काळ्या मातीत १:२ (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे) पेक्षा उभा ठेवू नये. पूर झपाट्याने उतरतो, मातीच्या पोटातले पाणी मात्र तितक्या लवकर बाहेर पडत नाही आणि उभा काठ कोसळतो. दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) फक्त पायथ्याला आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला. ओट्यावर हरळी आणि वाळा लावावा. करंज, अर्जुन, उंबर वरच्या कडेला. ओट्यात झाडे लावली की त्यांना कचरा अडकतो आणि झाडांचाच बांध तयार होतो. लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर करावी. मार्चअखेर बिल काढण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेली हरळी इथल्या उन्हात टिकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

काठाला जागाच नसेल तिथे मैदाने कामाला येतात. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला, तर दाट वस्तीच्या दहा हेक्टरांवरून, त्यातले ऐंशी टक्के वाहून गेले असे मानून, तासाभरात सुमारे ४,८०० घनमीटर पाणी वाहते. एक हेक्टरचे मैदान ६० सेंटिमीटर खोल केले, तर बाजूच्या उतारांची जागा सोडूनही ते त्यात मावते. उतार १:५ ठेवावा, म्हणजे लहान मूलही चालत वर येते. तळाला २५ सेंटिमीटर मुरूम आणि २०० मीटरला एक मीटर ढाळ. नाहीतर काळ्या मातीचा चिखल आठवडाभर तसाच राहतो. पाणी ३०० मिलिमीटरच्या पाइपाने हळूहळू सोडले, की साधारण एका दिवसात मैदान मोकळे होते आणि डास वाढायला वेळ मिळत नाही. पण मैदानात सांडपाण्याचा थेंब येता कामा नये. आला, तर आसपासचे लोकच वर्षभरात ते भरून टाकायची मागणी करतील आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. म्हणून मलवाहिनी वेगळी करण्याचे काम आधी, मैदान नंतर.

नाल्यावरच्या रस्त्यांखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. ९०० मिलिमीटरचे तीन सिमेंट पाइप मिळून वाट होते जेमतेम १.९ चौरस मीटरची. चार मीटर रुंद, दोन मीटर उंच चौकोनी मोरीत आठ चौरस मीटर. त्यात मोरीच्या तोंडावरून पाण्याची लाइन आडवी गेलेली असली, की तिला गोधड्या, थर्माकोल, जलपर्णी गुंडाळली जाते आणि उरलेली वाटही अर्धी होते. जाळी बसवायची तर मोरीच्या तोंडावर नको. दहा-पंधरा मीटर अलीकडे, तिरकी, गजांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून आणि जेसीबी पोचेल अशा जागी.

सिद्धेश्वर आणि धर्मवीर संभाजी तलावांत पावसाचे पाणी जिथून शिरते, तिथे गाळकुंडी हवी. तलावाच्या क्षेत्राच्या पाच-दहा टक्के जागा जाळीतल्या दगडांच्या ठेंगण्या बांधाने वेगळी करावी आणि गाळ काढण्यासाठी आत उतरता येईल असा रॅम्प ठेवावा. संभाजी तलावातली जलपर्णी दरवर्षी काढण्यापेक्षा तिला खत पुरवणारे सांडपाणी तोडणे स्वस्त पडेल.

आपल्या हातात जिल्हा नियोजन समिती आहे, आणि तलाव, नाला, रस्ते सांभाळणारी खाती एका टेबलाशी बसवणे आपल्यालाच शक्य आहे. पहिला निधी पाहणीला द्यावा : हिप्परग्याच्या सांडव्यापासून सीनेपर्यंत दर ५० मीटरला आडवा छेद आणि प्रत्येक मोरीच्या तळाची पातळी. निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराची हद्द) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) पूररेषा गट क्रमांकांसह जागेवर दगड रोवून दाखवाव्यात, म्हणजे सखल प्लॉटवर मुरुमाचा भराव टाकणाऱ्याला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. काम खालून वर न्यावे. वरचा नाला आधी मोकळा केला, तर खालची अरुंद मोरी बुडते. निविदेत पाच वर्षांची देखभाल धरावी, आणि त्यातली जाळी साफ करण्याची रक्कम मे ते ऑक्टोबर या महिन्यांतच खर्च होईल अशी अट घालावी.

आपले,
सोलापुरातील काही स्थापत्य अभियंते व भूदृश्य रचनाकार