शाळेच्या फाटकासमोरचा धूर

संपादक महोदय,

शाळा सुटताना फाटकासमोर गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. धूर सोडणारी नळी जमिनीलगत, आणि पहिली-दुसरीतल्या मुलांचं नाकही तिच्याच जवळ! वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. दमा, खोकला, बुडणारी शाळा हे आपल्याला दिसतं तरी. अभ्यासावर होणारा परिणाम मात्र दिसत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

बार्सिलोनातल्या 39 शाळांमधल्या सात ते दहा वर्षांच्या सुमारे 2,700 मुलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करण्याची क्षमता कमी प्रदूषित शाळांत वर्षभरात 11.5 टक्के वाढली, जास्त प्रदूषित शाळांत 7.4 टक्केच. तोंडी हिशेब, लांब वाक्य समजणं, सगळं या क्षमतेवर चालतं. अशा मुलाला आपण सहज 'लक्ष नसतं याचं' म्हणून मोकळे होतो.

दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारली तशी मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली. म्हणजे हे नुकसान टाळता येतं. फाटकासमोर इंजिन बंद ठेवण्याची सक्ती करा, हवा वाईट असेल त्या दिवशी मैदानावरचा तास वर्गात घ्या, आणि नव्या शाळांना हमरस्त्यालगत परवानगी देऊ नका. पालकांनी तर उद्यापासूनच किल्ली फिरवून इंजिन बंद करावं.

– एक शिक्षिका