माहिती देणारी व्यक्ती : आई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोममुळे त्याची बौद्धिक वाढ कमी झाली. मिसरूड फुटलं तशी दाढीही मीच करून देते. त्याची फाइल आता दोन्ही हातांनी उचलावी लागते : बुद्ध्यांक, टूडी एको, थायरॉइड, स्पीच थेरपी. त्यात मी एकाच रकान्यात सापडते, ‘माहिती देणारी व्यक्ती : आई’. तो रात्री किती झोपतो, हे दर वेळी विचारतात. मी झोपते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. बाहेरच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली आहे. रात्री ती वाजली की जाग येते, नाही वाजली तरी येते. आंघोळसुद्धा दार नुसतं लोटून, कान बाहेर ठेवून.

‘तुम्ही म्हणून करता हो, आमच्यानं नसतं झालं,’ असं लोक कौतुकानं म्हणतात. त्यानंतर ‘आज मला सगळ्याचा वीट आलाय’ असं म्हणायची सोयच उरत नाही. (वडिलांनी एकदा थेरपीला नेलं तरी ‘किती करतात!’)

अमेरिकी अभ्यासक सायमन ओल्शान्स्की यांनी 1962 मध्येच लिहून ठेवलंय की, अशा पालकांचं दुःख हा आजार नव्हे, ते स्वाभाविक आहे आणि आयुष्यभर सोबत राहतं. बरोबरीची मुलं कॉलेजात जाऊ लागली तेव्हा मला ते पटलं. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन नाही, मरणाचे विचार येतात, हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मुलाच्या तपासणीतच आईला नैराश्याची चाहूल देणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 चाचणी द्यायला पाच मिनिटं पुरतात.

अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान 1983 मध्ये 25 च्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात आहे. आनंदच आहे. पण ‘माझ्यामागं याचं कोण?’ हा घोरही तितकाच लांबला. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम 28 मध्ये गरिबीतल्या दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसाठी समुपदेशन आहे, सांभाळणाऱ्याला अधूनमधून विसावा मिळण्याची तरतूदही आहे. ती कागदावरून घरापर्यंत यावी, एवढंच मागणं.

गेल्या महिन्यात नणंदेनं त्याला दोन तास सांभाळलं. पहिला अर्धा तास मी फोनकडेच बघत बसले. मग आतून कडी लावून आंघोळ केली, सावकाश.

– एक आई
(नाव छापू नये, ही विनंती.)