भाऊ, त्या एका कागदाबद्दल आभार

भाऊ, राम राम.

मोठ्या नेटवर्किंग परिषदेला जाताना काय न्यावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र नेमकं सांगितलंत: भाषणं मागाहून व्हिडिओवर बघता येतात, पण ज्यानं भाषणातलं तंत्र मोठ्या जाळ्यावर चालवलंय तो माणूस चहाच्या रांगेतच गाठावा लागतो. त्याच्याकडे जेमतेम पाच मिनिटं असतात, म्हणून प्रश्न कागदावर तयार हवा. त्यासाठी हे जाहीर आभार.

त्या कागदाच्या एका बाजूला जोडणीचा नकाशा, दुसऱ्या बाजूला लक्षणं आणि आतापर्यंत काय तपासलं ते. इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत आयपीव्ही4, नवी आयपीव्ही6. ‘आयपीव्ही6 नीट चालत नाही’ एवढंच विचारलं तर समोरचा मान हलवून पुढे सरकतो. पण ‘पीपीपीओई, एमटीयू 1492, आयपीव्ही4 चा एमएसएस 1452 केलाय, आयपीव्ही6 ला काहीच नाही, पिंग जातो, छोटी पानं उघडतात, मोठी अडकतात’ असं लिहिलेलं असलं की उत्तर उभ्याउभ्या मिळतं. (पीपीपीओई ही ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत; एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, एमएसएस म्हणजे त्यातल्या मजकुराची, दोन्ही बाइटांत.) उत्तर असं: आयपीव्ही6 चा हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीचा पत्त्यांचा भाग, आयपीव्ही4 पेक्षा 20 बाइटांनी मोठा, म्हणून तिथं एमएसएस 1432 करा. आणि फायरवॉलवर आयसीएमपीव्ही6 (आयपीव्ही6 चे सूचना-निरोप) सरसकट अडवलं असेल, तर ‘पॅकेट टू बिग’ (पॅकेट फार मोठं) या निरोपाला आधी वाट द्या, आयपीव्ही6 मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, तो फक्त हा निरोप परत पाठवतो. निरोपच अडला तर पाठवणाऱ्याला कळणार कसं?

अनोळखी माणसाला कॉन्फिग, म्हणजे उपकरणाच्या सेटिंगची यादी, दाखवायची तर खरे पत्ते काढून 192.0.2.0/24 आणि 2001:डीबी8::/32 घालायचे, हेही तुमचंच. हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. एसएनएमपी (उपकरणांवर दुरून लक्ष ठेवायची पद्धत) याची कम्युनिटी, म्हणजे एक प्रकारचा पासवर्डच, खोडायची. सिस्कोच्या उपकरणांतला ‘टाइप 7’ पद्धतीनं झाकलेला पासवर्डही खोडायचा. दिसायला तो गुंतागुंतीचा, पण क्षणात उलगडतो.

प्रदर्शनाच्या दालनात आपल्या खान्देशाला कामाचा प्रश्न एकच: एसएफपी (फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) कमर्शियल की इंडस्ट्रियल? कमर्शियलची मर्यादा साधारण 0 ते 70 अंश, इंडस्ट्रियलची उणे 40 ते 85. हे आकडे मॉड्यूलच्या कवचाचे असतात, हवेचे नव्हे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून वर, त्यात मॉड्यूलची स्वतःची उष्णता. दुपारी लिंक पडते, संध्याकाळी आपोआप उठते, आणि बिचाऱ्या फायबरवाल्याला शिव्या बसतात. डीडीएममधलं (मॉड्यूल स्वतःच देतं ती मोजमापं) तापमान दुपारी दोन वाजता बघितलं की उलगडा होतो. फुकटच्या पिशव्यांपेक्षा त्या मॉड्यूलची डेटाशीट मागून घ्यावी.

बाकी किरकोळ: लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार घरूनच घ्यावेत, नाहीतर लॅबच्या सत्रात नुसतं बघत बसावं लागतं. इथरनेटचा अ‍ॅडॉप्टर सोबत असावा.

पुढच्या परिषदेला आमच्यातली नवी पोरं निघाली आहेत. त्यांचे कागद पाठवतो, लाल पेन घेऊन बसा.

आपली,
जळगाव-धुळ्याकडची नेटवर्कवाली मंडळी