डोंगरावर जाण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे तुम्ही दोघांनी अखेर मनावर घेतले, हे ऐकून फार बरे वाटले. मात्र बाबांनी आखलेला कार्यक्रम वाचला आणि थोडे स्पष्ट लिहावेसे वाटले. पोहोचल्याच दिवशी सूर्यास्त आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत एकामागून एक पॉइंट, ही धावपळ कमी करावी, अशी माझी विनंती आहे.

तुम्ही निवडलेली जागा सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण चार-पंचमांशच असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहिले, तरी प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो आणि एरवी सहज चढता येणाऱ्या पायऱ्यांवरही धाप लागते. उंचीचा खरा त्रास बहुधा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारलेच पाहिजे आणि पहिला दिवस विश्रांतीचाच ठेवला पाहिजे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. गारव्यामुळे ऊन जाणवत नाही, तरी ते तिथे अधिक प्रखर असते.

डोंगर पाहावा तो सकाळी. रात्री गार झालेली जड हवा उतारांवरून दरीत उतरते आणि धुके पुष्कळदा खालीच साचून राहते, त्यामुळे पलीकडच्या कड्यावरचे एकेक झाड वेगळे ओळखता येते. ऊन चढले की उतार तापतात, हवा वर सरकून थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. मग तासाभरात समोरचा डोंगर जागेवर आहे की नाही, अशी शंका यावी! त्यामुळे दुपारी पॉइंट गाठण्याची धडपड बहुतेक वेळा फुकट जाते. सकाळी एकच जागा निवडून तिथे निवांत बसावे आणि दुपारी खुशाल झोपावे, असे माझे मत आहे. ती जागा निवडताना खाली किती पायऱ्या उतराव्या लागतात, तेही विचारून घ्या, कारण गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो.

आई, तुला घाटात गाडी लागते. वळण आतल्या कानाला जाणवते, पण मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांना सगळे स्थिर दिसते. या विसंगतीनेच मळमळ सुरू होते. तेव्हा पुढच्या सीटवर बस, दूरवरच्या रस्त्याकडे पाहा आणि निरोपांना उत्तरे वर पोहोचल्यावरच दे. बाबांनी गाडी वेगात हाकायला लावू नये, हेही तूच त्यांना सांग. माझे ते ऐकणार नाहीत.

डॉक्टरांची भेट झाली की कळवा, म्हणजे त्यानंतरचे आरक्षण करते.

तुमची लेक