पन्नास मीटरचे पंचवीस कसे झाले? आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका

विषय : जलतरण तलावाचा ‘पुनर्विकास’

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण या शहरात बदलून आलात त्याला फार दिवस झालेले नाहीत. नव्या अधिकाऱ्याला जुन्यांच्या कामाचा जाब विचारू नये, एवढी रीत मला कळते. म्हणून आजवर गप्प होते. पण मागच्या गुरुवारी तलावाच्या गंजक्या फाटकावर नवा कोरा फ्लेक्स लागला आणि माझी रीत संपली.

‘जलतरण तलावाचा कायापालट : अत्याधुनिक क्रीडा व सांस्कृतिक संकुल’ असं त्यावर लिहिलंय. नेत्यांचे सात फोटो आहेत, पोहणाऱ्याचा एकही नाही. खालच्या चित्रात तळमजल्यावर पार्किंग, रस्त्याच्या बाजूला दुकानाचे गाळे, वर ‘बहुउद्देशीय सभागृह’ (हे उद्देश म्हणजे लग्न, मुंज आणि साखरपुडा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल), आणि सगळ्यात वर गच्चीत एक निळा चौकोन. तो तलाव. पंचवीस मीटरचा.

आमचा तलाव पन्नास मीटरचा आहे. ‘दुरुस्तीसाठी तीन महिने बंद’ अशी पाटी लावून तो बंद केला, त्या पाटीवरची अक्षरंही आता उन्हानं उडाली. आपल्या आधीच्या साहेबांनी आमच्या महिलांच्या बॅचला समोर बसवून शब्द दिला होता : फिल्टर प्लांट आणि फरशी एवढंच बदलायचंय, पुढच्या उन्हाळ्यात पोहायला या. चहासुद्धा पाजला. नंतर साहेबांची बदली झाली आणि शब्दाचीही.

फ्लेक्स पाहिल्यावर मी पालिकेत जाऊन नकाशा बघायला मागितला. टेबलामागचा इंजिनीअर मुलगा सभ्य होता, त्यानं खुर्ची दिली. पन्नासाचे पंचवीस का केले, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘आजी, पंचवीसमध्ये दोनदा गेलं की पन्नास होतातच की.’’

साहेब, हे वाक्य मी घरी आणलं आणि त्यानं मला झोपू दिलं नाही. या हिशेबानं चारशे मीटरचा धावण्याचा ट्रॅकही नको, सोसायटीच्या जिन्यात वर-खाली करा म्हणावं. ऑलिंपिक आणि एशियाडच्या शर्यती पन्नास मीटरच्या तलावात होतात. पंचवीसमध्ये निम्म्या वेळात भिंत येते, भिंतीला पाय लावून ढकललं की फुकटचा वेग मिळतो. त्यात तयार झालेलं पोर लांब तलावात उतरलं की शेवटच्या पंधरा मीटरला त्याचे हात जड होतात. हे आमच्या तलावावरचा जीवरक्षकसुद्धा सांगेल. म्हणजे सांगितलं असतं, त्याचा ठेका संपला.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. त्याआधीचं भारताचं जलतरणातलं पदक १९८६चं, सेऊलला खजान सिंगचं रौप्य. मधे चोवीस वर्षं काही नाही आणि खाडेनंतरच्या तीन एशियाडमध्ये मिळून पोहण्यात एकच पदक, २०१४ला संदीप सेजवालचं कांस्य. मग आपण म्हणतो आपल्या मुलांत दम नाही. मुलांत दम आहे हो, पाणी कुठाय? माझी नात राज्य पातळीला जायच्या गोष्टी करते. ती आता हायवेवरच्या एका खासगी क्लबात जाते. त्यांची अनामत भरायला तिच्या आईनं बांगडी मोडली. बांगडीचं सोडा, तिथला तलावही पंचवीसचाच.

आता माझं ऐका. माझ्या दोन्ही गुडघ्यांतल्या गाद्या झिजल्या आहेत. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या : ऑपरेशन, नाहीतर पाणी. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. त्या तासाभरात मी विसरायचे की मला गुडघे आहेत. आमची बॅच दुपारी बारा ते एक. पहाट आणि संध्याकाळ पुरुषांना, आम्हाला ऊन. त्यावरही कधी तक्रार केली नाही. बॅचमध्ये भाजीवाल्या होत्या, दोन शिक्षिका होत्या, एक निवृत्त नर्स होती. पंजाबी ड्रेसवर पोहणाऱ्या होत्या आणि पहिल्या दिवशी दांडीला धरून रडणाऱ्याही होत्या. महिन्याचा पास परवडायचा. तलाव बंद झाल्यापासून माझं वजन वाढलं, रात्री कूस बदलताना तोंडातून आवाज निघतो, देवळाच्या पायऱ्या मी खालूनच पाहते. गोळ्यांनी पोट बिघडतं, पोटाच्या गोळ्यांनी चक्कर येते. सकाळी फिजिओथेरपीला रिक्षानं जाते, तिथं गुडघ्याला मशीन लावतात आणि बिल लावतात. जे काम पाणी महिन्याच्या पासात करत होतं.

तुम्हाला वाटेल म्हातारी रडतेय. मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून शरीर निकामी झालं, तेव्हा उपचार म्हणूनच ते पाण्यात उतरले. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जागतिक विक्रमासह सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ला, सेहेचाळीस वर्षांनी. पाण्याला कळलं ते सरकारला कळायला इतका वेळ लागला. मला पदक नको, साहेब. देवळाच्या पायऱ्या पुरेत.

‘तलाव धोकादायक झालाय, पर्याय नाही,’ असं आपला विभाग म्हणतो. तलाव धोकादायक कसा झाला तेही सांगा ना. भरलेल्या तलावात पाण्याचं वजन खालच्या जमिनीवर असतं. तो रिकामा करून पावसाळ्यात उघडा टाकला की भूजलाचा दाब खालून वर ढकलतो. तळ फुगतो, सांधे उघडतात, उन्हात फरशी सुटते. कोणत्याही तलाव बांधणाऱ्याला विचारा, तो सांगेल की तलाव वर्षानुवर्षं कोरडा ठेवू नये. आपण ठेवलात. मग त्याच भेगांचे रंगीत फोटो सल्लागाराच्या अहवालात लागले आणि त्या अहवालावर नवी निविदा उभी राहिली. सल्लागाराची फी आमच्याच घरपट्टीतून गेली असणार.

शिवाय तो कोरडाही राहिला नाही. पावसाचं पाणी खोल भागात साचतं, हिरवं होतं आणि डासांच्या अळ्या वळवळतात. त्याच पावसाळ्यात पालिकेची माणसं आमच्या सोसायटीत आली आणि तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या म्हणून नोटीस देऊन गेली. मी म्हटलं, रस्ता ओलांडा, तुम्हाला पन्नास मीटरची बशी दाखवते. आले नाहीत. दादरच्या महापालिकेच्या तलावात २०२३च्या ऑक्टोबरात मगरीचं पिल्लू सापडलं होतं. सगळे हसले. मला त्या दादरकरांचा हेवा वाटला, निदान मगरीला पोहण्याइतकं स्वच्छ पाणी तरी त्यांच्याकडे होतं.

पाणीटंचाईचं कारणही ऐकून झालं. पन्नास मीटर लांबी गुणिले एकवीस मीटर रुंदी, खोली सरासरी दीड मीटर धरली तर पंधरा-सोळा लाख लिटर होतात. आकडा मोठा दिसतो. पण तलाव रोज भरत नाहीत. एकदा भरायचा, तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरवायचं, क्लोरीन मारायचं. रोज लागते ती उडालेल्या, सांडलेल्या पाण्याची भर. आणि टंचाईच असेल तर गच्चीवरच्या तलावात काय ढगातून थेट नळ जोडणार आहात? केंद्राच्या अमृत २.० या पाणीपुरवठ्याच्या योजनेत गळती आणि चोरीचं, म्हणजे हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत आणायचं उद्दिष्ट आहे. आपल्या शहराचा आकडा किती, ते जाहीर करा. आमच्या चौकात फुटलेली पाइपलाइन बघता चाळीस तरी असेल.

हे सगळं मी माहिती अधिकारात विचारलं होतं. दहा रुपयांचं तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं असं कायदा म्हणतो. उत्तर आलं : ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ अपील केलं तर सुनावणीला अधिकारी रजेवर. पुढे राज्य माहिती आयोग, तिथं २०२३ साली लाखाच्या वर प्रकरणं पडून होती, देशात सर्वाधिक. माझा नंबर लागेपर्यंत गुडघेही राहणार नाहीत आणि तलावही.

मुळात कायद्यातच मेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये पालिकेनं करायलाच हवीत ती कामं आणि कलम ६६ मध्ये मनात आलं तर करायची कामं. जलतरण तलाव ६६ मध्ये. म्हणजे आपली खुशी. बरं, मग लग्नाचा हॉल बांधणं कोणत्या कलमात करायलाच हवं असं लिहिलंय? पोरं उन्हाळ्यात खाणीत आणि धरणाच्या मागच्या पाण्यात उतरतात आणि दर एप्रिल-मेमध्ये पेपरात चौकोनी बातमी येते. देशात वर्षाला तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात, हे केंद्राच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे. आमच्या लहानपणी पाठीला डबा बांधून वडील विहिरीत ढकलायचे, पण वर कोणीतरी उभं असायचं. आता विहिरी बुजल्या, तलावाला कुलूप आणि पोहायला शिकवणं मात्र ऐच्छिक!

आणि हे फक्त तलावाचं नाही. तुमच्या सगळ्या खात्यांनी एकच युक्ती पाठ केली आहे. आधी देखभालीचे पैसे थांबवायचे. मग पंप बिघडला, छप्पर गळलं, संडासाला दार नाही, म्हणून लोक यायचे कमी होतात. मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा. मग स्ट्रक्चरल ऑडिट, मग धोकादायक, मग पुनर्विकास, मग तीस वर्षांचा करार आणि तळमजल्याला गाळे. मंडईचं तेच, नाट्यगृहाचं तेच, पालिकेच्या मराठी शाळेचंही तेच. एक पंप वेळेवर बदलायला तुमच्याकडे निधी नसतो, तो पंप बदलला नाही म्हणून उभ्या राहणाऱ्या इमारतीला मात्र कोटी सापडतात. पंपात टक्केवारी किती बसणार, हो ना? यात विचारायचं तरी कोणाला होतं? राज्यातल्या महापालिकांत कुठे २०२० पासून, कुठे २०२२ पासून प्रशासक बसवले, नगरसेवक नावाचा माणूस वर्षानुवर्षं अस्तित्वातच नव्हता. त्या काळात ठराव मांडणारेही तुमच्याच खुर्चीतले, मंजूर करणारेही तेच. त्याआधी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता यायचं. त्याच्या बायकोला तरी माझे गुडघे कळायचे.

तर मागणं थोडकं आहे. पन्नास मीटरचा तलाव जिथं आहे तिथं, जमिनीवर, दुरुस्त करा. जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना काढा, महिनाभर हरकती घ्या आणि ती सूचना लोक वाचतील अशा पेपरात द्या. नाहीतर कोणी ऐकलं नाही अशा दैनिकात निविदांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात काढाल. देखभालीवर मागच्या दहा वर्षांत काय खर्च झाला तो फाटकावर लावा, त्या फ्लेक्सच्या शेजारी. फोटो लावायला जागा आहे तर आकड्यांना असेलच. पास परवडेल असा ठेवा, तो ठेकेदाराच्या हाती देऊ नका. आणि महिलांची बॅच एकदा तरी संध्याकाळी करून बघा.

माझ्या हरकतीवर बॅचमधल्या बायकांच्या सह्या घेतल्या आहेत, प्रत आपल्या आवक विभागात दिली आहे. शिक्का मिळाला, क्रमांक मिळाला नाही, तो कळवावा.

बैठकीला बोलावणार असाल तर दुपारची वेळ द्या, सकाळी माझं मशीन असतं. आणि बैठक तळमजल्यावरच ठेवा. आपलं दालन चौथ्या मजल्यावर आहे आणि पालिकेची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे.

आपली,
महिलांच्या दुपारच्या बॅचमधली एक घरपट्टी भरणारी